निवासाची अट

माझ्या टेबलावर पीएच.डी.च्या फायली येतात
त्या बहुतेक जानेवारीत,
सरोवर काठापर्यंत गोठलेलं असतं
आणि लोकांना आपल्या आयुष्याचं काहीतरी करावंसं वाटतं तेव्हा.

मॉरीन टाकालाची फाइल जाड.
विभाग : उच्च शिक्षण आणि विद्यार्थी-कल्याण.
विषय : पहिल्या वर्षाची मुलं रुजतात कशी.
साठ क्रेडिट पुरे. संख्याशास्त्र दोनदा, एकदा नापास.
सर्वंकष परीक्षा तीन दिवस, चार प्रश्न;
मधल्या रात्री वसतिगृहाच्या तळघरात पाइप फुटला होता
हे उत्तरपत्रिकेत कुठेच नाही,
मला ठाऊक, कारण माझा भाचा तिथेच राहायचा.
समितीवर चौघं, त्यातला एक बाहेरच्या विभागाचा :
वनशास्त्राचे डेलबर्ट ओस,
ज्यांनी आराखड्यावर एवढाच शेरा मारला,
रोपं उपटून मोजू नयेत.

राहिली एक चौकट.
निवासाची अट :
सलग दोन सत्रं, पूर्णवेळ, विद्यापीठाच्या आवारात.

आता हसू नका.
ही बाई एकोणीस वर्षं आवारातच राहते.
नीलँड हॉल, तळमजला, एकशे एक अ,
भिंतीपलीकडे आगीच्या भोंग्याची पेटी.
पहाटे तीनला कुणीतरी पॉपकॉर्न जाळतं
आणि ती नाइटगाउनवर पार्का चढवून
दोनशे बारा मुलं बर्फात मोजते,
सपातांवर धावत आलेल्याला स्वतःचे मोजे देते,
ते परत येत नाहीत.
एका नोव्हेंबरात
एका मुलाची आई डेट्रॉइटहून पोचेपर्यंत
तिनं त्याच्या खोलीचं दार धरून ठेवलं.
नऊ तास. आत कुणाला जाऊ दिलं नाही.
त्याचे क्रेडिट किती?

नियम म्हणतो, निवास म्हणजे राहणं नव्हे.
निवास म्हणजे सत्राला नऊ क्रेडिटची नोंदणी
आणि नोकरी आठवड्याला वीस तासांच्या आत.
मी नियमावर बोट ठेवणारी बाई, त्याचाच पगार घेते.
तरी विनंती-अर्ज मीच टाइप केला.
'स्पष्टीकरण' या शब्दाखाली दोनच ओळी असतात.
तिनं सांगितलं, लिही : मी इथेच राहते.
दुसरी ओळ कोरी.

मार्चमध्ये उत्तर आलं. नामंजूर.
नावाचं स्पेलिंगही चुकलेलं.

मग तिनं वर्षाची बिनपगारी रजा घेतली,
आणि रजेवरच्या माणसाला हॉलमध्ये जागा नाही
हा दुसरा नियम, दुसऱ्या इमारतीतला.
म्हणजे निवास सिद्ध करायला
तिला घर सोडावं लागलं.
मुलांनी सामान वाहिलं, जिन्यापासून ट्रकपर्यंत रांग,
एकाच्या हातात नुसती दिव्याची शेड, तोही रांगेत.
थर्ड स्ट्रीटवर, लाँड्रीच्या वर, एक खोली.
खाली ड्रायर फिरतात. जमीन तेवढी उबदार.

ऑक्टोबरात पोस्टात भेटली.
म्हणाली, तिसरं प्रकरण चाललंय.
म्हणाली, रात्री टेकडीवरून भोंगा ऐकू येतो,
आणि मला जाग येते ती बूट घालून झाल्यावर.
एकदा गेलेसुद्धा. रस्त्यापलीकडे उभी राहिले.
नवा पोरगा बरा आहे गं,
पण दारापासून मोजायला लागतो,
पाइनखाली थांबलेले राहून जातात.
मग?
मग काय, पाइनखालचे मी मोजले. सात.
तिकिटं घेतली आणि गेली.

काल दुसरं सत्र संपलं.
चौकटीत खूण केली, तारीख घातली, सही केली.
अट पूर्ण.
फाइल मिटायचं मात्र जमेना.
चौकटीच्या बाहेर, समासात,
पेन्सिलीनं, पुसता येईल इतपत,
मी सात लिहिले.